शैलीचा हुकूम नको, सोयीची सक्ती करा

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी एक आदेश काढला. केंद्र सरकारच्या नव्या इमारती शक्यतो ग्रीक-रोमन वळणाच्या, खांब-कमानींच्या असाव्यात, असा त्याचा रोख आहे. संगमनेरकरांनी त्याची दखल कशाला घ्यावी, असे कोणी विचारेल. पण तीच मागणी आपल्याकडेही कानावर येते. बसस्थानक असो, पंचायत समिती असो की गावची कमान, चर्चेत कोणीतरी म्हणतेच, “सरकारने एकदाचा जीआर काढावा. सरकारी इमारत म्हटली की हेमाडपंती, नाहीतर किल्ल्याच्या धाटणीची. मग बघा आपली संस्कृती कशी उठून दिसते.” या मंडळींचा हेतू चांगला आहे, आजच्या सरकारी इमारतींवरचा त्यांचा रागही रास्त आहे. मागणी मात्र चुकीची आहे. म्हणून तिचा एकेक मुद्दा तपासू.

पहिला दाखला अर्थातच हेमाडपंताचा. यादवांच्या प्रधानाने शैली ठरवली आणि महाराष्ट्रभर देवळे उभी राहिली, असे सांगतात. इतिहास वेगळे सांगतो. हेमाडपंत तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. प्रवरेच्या उगमाजवळचे रतनवाडीचे अमृतेश्वर आणि नाशिक रस्त्यावरच्या सिन्नरचे गोंदेश्वर ही दोन्ही देवळे त्याच्या आधीची. संगमनेरलाच मिळालेला यादव राजा दुसरा भिल्लम याचा ताम्रपट शके ९२२ चा, म्हणजे इ.स. १००० चा आहे. म्हणजे यादवांचे राज्य या भागात हेमाडपंताच्या अडीचशे वर्षे आधी नांदत होते आणि पाथरवटांचा हातही तेव्हापासून घडत होता. चुन्याशिवाय दगडात दगड बसवण्याचे ते कसब पिढ्यान् पिढ्यांच्या सरावातून आले. राजांनी देवळांना पैसा दिला, जमिनी दिल्या. कसब मात्र कोणाच्या फर्मानातून निघाले नाही.

दुसरा दाखला मुंबईचा. इंग्रज सरकारने गॉथिक शैली धरून ठेवली म्हणून मुंबई जागतिक वारसा ठरली, असा हा युक्तिवाद. पण २०१८ मध्ये युनेस्कोने जो वारसा मानला, त्यात ओव्हल मैदानाच्या एका अंगाला हायकोर्ट आणि विद्यापीठाच्या गॉथिक इमारती आहेत आणि समोरच्या अंगाला १९३० च्या दशकातली आर्ट डेको घरे. गॉथिकची सक्ती असती तर ही दुसरी ओळ उभीच राहिली नसती. खुद्द सरकारही एका शैलीला चिकटून बसले नाही. १८८८ मध्ये बोरीबंदरचे गॉथिक स्टेशन पुरे झाले. पुढच्या पंचवीस वर्षांतच, १९१३ मध्ये, जॉन बेगने जीपीओला विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणारा घुमट चढवला. १९२४ मध्ये जॉर्ज विटेटचे गेटवे ऑफ इंडिया उभे राहिले, तेही गुजराती वळणाच्या कमानीचे. बोरीबंदरचे कोरीवकाम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातचे आहे. मुंबईची श्रीमंती अशा वेगवेगळ्या हातांनी आणि वेगवेगळ्या डोक्यांनी उभी केली.

तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार आहे. मोकळीक दिली तर काचेची खोकी उभी राहतात, हे आपण बघतोच आहोत, असे समोरचा म्हणतो. खोकी उभी राहतात हे मला मान्य आहे, त्याचे कारण मान्य नाही. आज मोकळीक आहेच कुठे? बांधकाम खात्याच्या नमुना नकाशांची शैली आताही लादलेलीच आहे. एकच नकाशा घाटघर-भंडारदऱ्याच्या मुसळधार पावसात आणि तिथून दोन तासांवरच्या कोरड्या संगमनेरातही उतरवता येतो. त्यावर सर्वांत कमी दराची निविदा, आणि देखभालीच्या नावाने शून्य. मग दर्शनी भाग झाकायला ॲल्युमिनियमचे (एसीपी) पत्रे ठोकतात. या रोगावर शैलीचा जीआर म्हणजे वरचा पत्रा बदलणे. त्याच कमी दरात ठेकेदार हेमाडपंती काढून देईलच. अशा एखाद्या नव्या ‘दगडी’ खांबाजवळ जाऊन बोटाने टकटक करून पाहा. आत पोकळ, वर फायबर, सांध्यावर सिलिकॉनची रेघ आणि दोन पावसाळ्यांत उडालेला रंग. अमृतेश्वराच्या पाथरवटाचा याहून मोठा अपमान कोणता?

चौथा मुद्दा अस्मितेचा. सार्वजनिक इमारतीत लोकांची ओळख दिसावी, हे खरे. पण ओळख कोणती हे मंत्रालयाने ठरवायचे ठरले, की ती दर निवडणुकीला बदलते. अमेरिकेत असाच आदेश डिसेंबर २०२० मध्ये निघाला, फेब्रुवारी २०२१ मध्ये रद्द झाला आणि २०२५ मध्ये परत आला. सोव्हिएत रशियात स्टालिनच्या काळात खांब, शिल्पे, मनोरे यांचे स्तोम माजले. नोव्हेंबर १९५५ च्या ठरावाने त्याच पक्षाने त्या सजावटीला उधळपट्टी ठरवले. आज तुमच्या आवडीचा हुकूम निघाला म्हणून टाळ्या वाजवाल, तर उद्या नावडीचा निघाल्यावर बोलायला तोंड उरणार नाही.

मग सरकारने काहीच सक्ती करू नये का? जरूर करावी, पण लोकांच्या सोयीची. तहसील कचेरीत उताऱ्यासाठी आलेली म्हातारी एप्रिलच्या उन्हात उभी राहता कामा नये. म्हणून प्रत्येक कार्यालयाला खोल ओसरी आणि बसायला ओटा बंधनकारक करा. संगमनेरच्या जुन्या वाड्यांनी उंच दगडी जोते, जाड भिंती आणि मधला चौक यांच्या बळावर उन्हाळे काढले. तो विचार घ्या, महिरपींची नक्कल नको. पश्चिमेकडे उघडी काच नको, वीज गेली तरी काम चालेल एवढा उजेड आणि वारा आत यायला हवा. पिण्याचे पाणी, बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह आणि चाकाच्या खुर्चीसाठी उतार हवाच. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. नियम झाल्यापासून पाच वर्षांत सार्वजनिक इमारती सुगम करायच्या होत्या, ती मुदत २०२२ मध्येच संपली. सक्तीची इतकी हौस असेल तर ती आधी इथे दाखवा.

या अटी पाळून रूप कसे द्यायचे ते वास्तुविशारदावर सोडा. मोठ्या इमारतीसाठी खुली स्पर्धा घ्या, तरुणांना संधी द्या. निवडीच्या कारणांसह सगळी चित्रे निविदेआधी गावात लावा. वास्तुविशारदाचे नाव दर्शनी भागावर कोरा आणि देखभालीचा पैसा अंदाजपत्रकातच बांधून ठेवा. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले. त्याची भव्यता स्थानिक दगडातून आणि चोख कामातून आली, ती आजही टिकून आहे. नीट केलेल्या कामाला आपले रूप आपोआप येते.

म्हणून संगमनेरात यापुढे कोणत्याही सरकारी इमारतीचा नारळ फुटण्याआधी आपण नागरिकांनी नगरपरिषदेकडे आणि बांधकाम खात्याकडे तीन गोष्टी मागू: चित्रे दाखवा, सावली किती ते सांगा, देखभालीचा पैसा कुठून येणार ते लिहून द्या. कळस कोणता, हा प्रश्न त्यानंतरचा.