पिंपळगाव नेमके कोणते?

बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव एक नाही. खामगाव तालुक्यात पिंपळगाव राजा आहे, जळगाव जामोद तालुक्यात पिंपळगाव काळे आहे, मोताळ्याकडे पिंपळगाव देवी आहे आणि सैलानीच्या वाटेवर पिंपळगाव सराई आहे. देऊळगावांची गणती तर आणखी मोठी. देऊळगाव राजा, देऊळगाव मही, देऊळगाव साकर्शा, देऊळगाव घुबे, देऊळगाव कुंडपाळ ही सहज आठवणारी नावे. राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान असलेले सिंदखेड राजा वेगळे, मोताळा तालुक्यातील सिंदखेड वेगळे आणि धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा तिसरेच. जळगाव म्हटले की उर्वरित महाराष्ट्राला खानदेशातील केळीचे जळगाव आठवते. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या जळगावाला म्हणूनच शेजारच्या जामोदचे नाव जोडून घ्यावे लागले. राजा, मही, काळे, देवी, सराई, बुद्रुक, खुर्द ही शेपटे कोणी हौसेने लावलेली नाहीत. एका गावाचा माणूस, एका गावाचे पत्र, एका गावाचे वऱ्हाड दुसऱ्या गावी जाऊन पोहोचू नये, यासाठी आपल्या समाजाने पिढ्यानपिढ्या सांभाळलेली ती पत्त्याची व्यवस्था आहे.

हाती स्मार्टफोन आला आणि ही व्यवस्था पाहता पाहता दुबळी झाली. नाव रोमन अक्षरांत टंकायचे, त्यात 'ळ' नाही, 'ण' नाही. पुढचे शेपूट टंकण्याचा कंटाळा. आणि पडद्यावर जे पहिले नाव येईल त्यावर बोट. ज्या जिल्ह्याचे स्वतःचे नाव मराठीतच बुलडाणा आणि बुलढाणा असे दोन प्रकारे लिहिले जाते, तेथे रोमन लिपीने काय गोंधळ घातला असेल, हे सांगायला नको. लग्नाला निघालेले पाहुणे चुकीच्या देऊळगावात उतरले तर फार तर अक्षता चुकतील. परंतु २०१४ पासून राज्यात धावणारी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका चुकीच्या पिंपळगावाच्या दिशेने वळली, तर सर्पदंश झालेल्या शेतमजुराला किंवा अडलेल्या बाळंतिणीला त्या अर्ध्या तासाची किंमत कशी मोजावी लागेल, याचा विचार करणे भाग आहे.

आणखी एक पिंपळगाव या विषयाशी जोडलेले आहे, ते मात्र बुलढाण्यातले नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुका आहे (हे अकोले म्हणजे आपल्या शेजारचे अकोला नव्हे, हेही सांगावे लागते). तेथे मुळा नदीवर पिंपळगाव खांडचे धरण आहे. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेले तिघे जण मध्यरात्रीनंतर कोतूळजवळ पोहोचले. मोबाइलवरील नकाशा पुलाचा रस्ता दाखवत होता. पूल होताही, पण पाण्याखाली. धरणाच्या पाण्यामुळे तो वर्षातील काही महिने बुडालेला असतो, हे परिसरातील प्रत्येकाला ठाऊक होते आणि म्हणूनच गावचा कोणीही त्या वाटेला जात नव्हता. गाडी सरळ पाण्यात गेली. दोघे पोहून बाहेर आले, गाडी चालविणारा बुडाला. पुढे पाणी आहे असे सांगणारा एक साधा फलकही त्या वाटेवर नव्हता, असे त्या वेळी पोलिसांच्या हवाल्याने प्रसिद्ध झाले होते.

ही घटना अपवाद म्हणून विसरली गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरील पुलावरून मोटार कोसळून तिघे मृत्यू पावले. पुलाचा काही भाग २०२३ च्या पुरात वाहून गेला होता आणि नकाशावर तो अखंड उभा होता. जुलै २०२५ मध्ये नवी मुंबईत बेलापूर येथे एका महिलेची गाडी पुलावर न जाता पुलाखालच्या वाटेने थेट खाडीत गेली. सागरी सुरक्षा पोलीस जवळच होते म्हणून तिचे प्राण वाचले. तिन्ही ठिकाणी वेळ रात्रीची, चालक परका आणि विचारायला रस्त्यावर कोणी नाही. दिवसाउजेडी हीच चूक झाली असती तर एखाद्या गुराख्याने हात आडवा करून गाडी थांबविली असती.

यंत्रावर खापर फोडण्याआधी ते काय जाणते आणि काय जाणत नाही, हे समजून घेतले पाहिजे. 'गाडी या क्षणी कोठे आहे' हे उपग्रह सांगतात आणि मोकळ्या आकाशाखाली ते काही मीटरच्या फरकाने अचूक असते. त्या ज्ञानाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ सुमारे १३०० किलोमीटरची पायपीट करून डिसेंबर २०१९ मध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, हे जगाला कळले ते त्याच्या गळ्यातील पट्ट्यामुळे. वाघ कोठे आहे हे पट्ट्याने बिनचूक सांगितले. वाघाने कोणत्या नाल्यातून आणि कोणत्या धुऱ्यावरून जावे, हे सांगण्याच्या भानगडीत तो पट्टा पडला नाही. (वाघानेही कोणाला विचारले नाही, हा भाग वेगळा.) मोबाइलवरील ॲप नेमके ते दुसरे काम अंगावर घेते. त्यासाठी लागणारे ज्ञान आकाशातून येत नाही. ते उपग्रहाच्या छायाचित्रांतून, सरकारी नोंदींतून, वापरणाऱ्यांनी कळविलेल्या दुरुस्त्यांतून आणि त्याच रस्त्याने जाणाऱ्या इतर फोनच्या वेगावरून गोळा केलेले असते. मुंबई-पुण्यात मिनिटाला शेकडो फोन एका चौकातून जातात, त्यामुळे तेथे रस्ता बंद झाल्याची चाहूल चटकन लागते. संग्रामपूर तालुक्यातल्या एखाद्या आडवाटेवरून रात्रभरात एकही फोन गेला नाही, तर रस्ता बंद आहे की गाव झोपले आहे, हे यंत्राने कशावरून ओळखावे?

त्यात वऱ्हाडची माती काळी. उन्हाळ्यात आकाशातून घेतलेल्या छायाचित्रात पांदण रस्ता पांढऱ्या स्वच्छ रेघेसारखा दिसतो. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की त्याच पांदणीतून बैलगाडी काढणेही जिकिरीचे होते. नकाशावर मात्र ती रेघ बाराही महिने तशीच राहते आणि चार किलोमीटर वाचतात म्हणून परक्या चालकाला तिकडे बोलावते. घाटांचीही तीच कथा. हा जिल्हा वर पठार आणि खाली पूर्णेचे खोरे असा दोन पायऱ्यांत वसला आहे. बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरणारा राजूर घाट किंवा खामगावच्या वाटेवर अभयारण्यातून जाणारा बोथा घाट येथील चालकाच्या अंगवळणी पडलेला असतो. पडद्यावर तो एक वळणावळणाची निळी रेघ असतो, इतकेच. समृद्धी महामार्गावर मेहकर किंवा दुसरबीडला बाहेर पडण्याचे ठिकाण हुकले, तर पुढचे येईपर्यंत मागे वळता येत नाही. लोणारचे सरोवर पाहण्यासाठी प्रथमच येणाऱ्याने ही माहिती घरूनच घेऊन निघावी, हे बरे.

मग जबाबदारी कोणाची? कंपनीच्या अटींमध्ये आधीच लिहून ठेवलेले असते की, प्रत्यक्ष परिस्थिती नकाशाहून वेगळी असू शकते आणि वापर आपापल्या जोखमीवर करावा. ही अट कोणी वाचत नाही, हे कंपनीलाही ठाऊक असते. सेवा फुकट आहे असे म्हणावे, तर वापरणाऱ्याच्या प्रत्येक हालचालीची नोंद हेच तिचे मूल्य आहे आणि ते रोज वसूल होते. भारतासाठी अरुंद रस्त्यांची सूचना देण्याची सोय गूगलने जुलै २०२४ मध्ये जाहीर केली, तेव्हा प्रारंभीच्या आठ शहरांच्या यादीत महाराष्ट्रातील एकही शहर नव्हते. मग मोताळा आणि संग्रामपूर कोठून असणार? व्यापार जेथे मोठा तेथे नकाशा चांगला, हा व्यापाऱ्याचा न्याय आहे आणि त्याच्याकडून दुसऱ्या न्यायाची अपेक्षा करणे भाबडेपणाचे ठरेल.

परंतु कोतूळचा पूल बुडतो, हे परदेशी कंपनीला ठाऊक नव्हते असे एक वेळ मानता येईल. धरणाचे पाणी अडविणाऱ्या आणि सोडणाऱ्या खात्याला ते ठाऊक नव्हते असे कसे मानावे? बरेलीच्या दुर्घटनेनंतर नोंदविलेल्या गुन्ह्यात सार्वजनिक बांधकाम खात्याच्या चार अभियंत्यांची नावे होती आणि गूगलच्या एका अधिकाऱ्याचा उल्लेखही होता. हा क्रम अर्थपूर्ण आहे. पूल वाहून गेल्यावर दोन्ही तोंडांना दगडमातीचा पक्का बांध घालणे, रात्री चमकणारा फलक लावणे, यासाठी उपग्रह लागत नाही. आपल्याकडे पुलावरून पाणी वाहते तेव्हा पोलीस पाटील किंवा कोतवाल दोन दगड आणि एक वाळकी फांदी आडवी टाकतो. नकाशातील कोणत्याही सुधारणेपेक्षा त्या फांदीने अधिक जीव वाचविले असतील.

नकाशा परकीयांच्या हाती असावा काय, हा प्रश्नही टाळता येणार नाही. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळून भूमापनाला आरंभ केला आणि भूमी मोजता मोजताच जानेवारी १८२३ मध्ये आपल्या विदर्भातील हिंगणघाट येथे देह ठेवला. त्या मोजणीमागे राज्य करण्याचा हेतू होता, यात शंका नाही. तरीही मोजणारा त्या मातीवरून प्रत्यक्ष चालला होता, आणि त्याच सर्वेक्षणाच्या आकडेमोडीत पुढे राधानाथ सिकदार यांच्यासारख्या भारतीय गणितज्ञाने जगातील सर्वोच्च शिखराची उंची सिद्ध केली. १७६७ पासून चालत आलेला भारतीय सर्वेक्षण विभाग आजही देशाचा अधिकृत नकाशाकार आहे. दीर्घकाळ मात्र या विभागाचे नकाशे कपाटात आणि परवानग्यांच्या फितीत अडकून पडले. भारतीय संस्थांवरील ही बंधने फेब्रुवारी २०२१ मध्ये उठली. अतिसूक्ष्म अचूकतेची माहिती भारतीयांच्याच ताब्यात राहील, अशी तरतूदही त्या वेळी झाली. ते योग्यच झाले, फक्त उशिरा झाले. तोवर सामान्य माणसाच्या खिशात परदेशी नकाशा जाऊन बसला होता.

इस्रोची 'नाविक' ही स्वदेशी दिशादर्शन प्रणाली हा अभिमानाचा विषय आहे. २०१३ पासून तिचे उपग्रह अवकाशात जाऊ लागले. पहिल्या पिढीच्या उपग्रहांतील परदेशी बनावटीची आण्विक घड्याळे बंद पडू लागली, तेव्हा आपल्या शास्त्रज्ञांनी स्वतःचे घड्याळ घडविले आणि मे २०२३ मध्ये ते अवकाशात पाठविले. जानेवारी २०२५ मध्ये पाठविलेला पुढचा उपग्रह ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही, हे अपयशही मोकळेपणाने मान्य करावे. १९९५ पासून या क्षेत्रात असलेल्या 'मॅपमायइंडिया'चे 'मॅपल्स' हे देशी ॲप आज उपलब्ध आहे आणि ते वापरून पाहण्यास कोणाची हरकत नसावी. पण स्वदेशीचा अर्थ ॲपवर भारतीय नाव असणे एवढाच घेतला, तर ती स्वतःचीच फसवणूक होईल. कोतूळचा बुडालेला पूल देशी नकाशालाही आपोआप कळणार नाही. तो कोणीतरी कळवावा लागेल, आणि ते कळविणे हे एखाद्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचे नेमून दिलेले काम असावे लागेल.

आज तसे ते नाही. रस्ता बंद करण्याचा आदेश निघतो, त्याची प्रत तहसील, पोलीस ठाणे आणि एसटी आगाराकडे जाते. नकाशा चालविणाऱ्यांकडे ती त्याच दिवशी जावी आणि त्यांनी ठराविक तासांत ती अमलात आणावी, न आणल्यास उत्तर द्यावे, असे बंधन घालणे सरकारला अशक्य नाही. गावांची नावे त्यांच्या पूर्ण रूपात, देवनागरीत आणि तालुक्यासह नकाशावर असावीत, ही मागणी तर ग्रामसभेच्या ठरावानेही पुढे नेता येईल. शाळेच्या सुट्टीत महाविद्यालयीन तरुणांनी आपापल्या गावच्या वाटा, पाणवठे, आरोग्य उपकेंद्र आणि पावसाळ्यात बंद पडणारी पांदण यांची खरी नोंद केली, तर पंधरा दिवसांत तालुक्याचा नकाशा बदलेल. बाहेरचा माणूस आपल्या शिवारात रात्री चुकू नये, हीही एक अतिथिसेवाच आहे.

बुलढाण्यापुरते बोलायचे तर वेळ फारशी नाही. देऊळगाव राजा परिसरात खडकपूर्णेचा संत चोखासागर झाला, तेव्हा गावे उठली आणि नव्या जागी जुन्याच नावाने वसली. नांदुरा तालुक्यात पूर्णेवर जिगावचा प्रकल्प उभा राहत आहे. त्याच्या पाण्यासाठी अनेक गावे जागा सोडत आहेत. ज्या दिवशी तेथे पूर्ण क्षमतेने पाणी साठेल, त्या दिवशी त्या गावांकडे जाणारे जुने डांबरी रस्ते सरळ पाण्यात उतरतील आणि नकाशावर गावाचे नाव बहुधा दोन ठिकाणी असेल. त्यातले पाण्याखालचे नाव कोणत्या खात्याने पुसायचे आणि रस्त्याच्या तोंडाशी भिंत कोणी घालायची, हे पाणी अडविण्यापूर्वी लेखी ठरले पाहिजे.