दिले असते

शिकणे हा धातू आमच्या मराठीत मोठा सोशिक आहे. मूल चालायला शिकते, पोपट बोलायला शिकतो, आणि मी गेली वीस वर्षे ज्यांना शिकवीत आलो ती मंडळीही, परीक्षेपुरते का होईना, शिकतातच. आता या क्रियापदाला नवा कर्ता लाभला आहे : यंत्र. हे यंत्र शिकते, आणि शिकून तुमचा पैसा कोणत्या शेअरांत, कोणत्या रोख्यांत, किती सोन्यात ठेवावा हे ठरवते. पुढे दर महिन्याला, क्वचित दररोज, ही वाटणी बदलतेही. मराठीच्या मास्तराने या व्यवहारात नाक का खुपसावे, असे वाचक म्हणतील. पण कारण आहे, ते पुढे येईल.

मुळात ही कल्पना यंत्राची नव्हे, माणसाची. १९५२ साली हॅरी मार्कोविट्झ या तरुण अमेरिकन अभ्यासकाने एका निबंधात दाखवून दिले की, एकेक शेअर चांगला की वाईट एवढे पाहून भागत नाही. ते एकमेकांच्या संगतीने कसे चढतात-उतरतात हे पाहावे लागते. छत्रीवाल्याने आणि बर्फाच्या गोळेवाल्याने भागीदारी केली तर पाऊस आणि ऊन दोन्ही निभतात, तसेच हे. १९९० साली त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. अडचण एकच. हे गणित मांडायचे तर प्रत्येक शेअर उद्या काय देईल याचा अदमास हवा. तो द्यायचा कोणी? त्या रिकाम्या खुर्चीवर आज यंत्र येऊन बसले आहे. जुने भाव, ताळेबंद, बातम्या असे सारे त्याच्यापुढे ओतायचे, आणि त्याने त्यातून उद्याची चाल हुडकायची.

हुडकण्यात ते पटाईत आहे, यात शंका नाही. लाखो चित्रे दाखवली की मांजर कोणते आणि कुत्रे कोणते हे ते ओळखू लागते. परंतु आपल्याला ओळखले म्हणून मांजर काही कुत्रे होत नाही. बाजार होतो! अमुक शेअर स्वस्त आहे हे चार यंत्रांनी ओळखले की चारही त्यावर झडप घालतात, आणि तो स्वस्त राहत नाही. शिवाय चित्रे लाखांनी मिळतात. बाजाराचे दिवस वर्षाकाठी सुमारे २५०. वीस वर्षांचे धरले तरी पाच हजार. एवढ्याशा धड्यावर चलाख विद्यार्थी काय करतो, हे मला विचारा. तो धडा समजून घेत नाही, पाठ करतो. डेव्हिड लाइनवेबर या संशोधकाने याची मजेदार थट्टा केली होती. त्याने अमेरिकेचा शेअर-निर्देशांक बांगलादेशातील लोण्याच्या उत्पादनाशी जुळवून दाखवला. जुळणी झकास, अर्थ शून्य!

मग कोणालाच साधले नाही काय? साधले. जिम सायमन्स हे गणितज्ञ, त्यांच्या संस्थेचा मेडॅलियन नावाचा फंड १९८८पासून अशाच गणितावर अफाट पैसा मिळवीत आला. मात्र त्याचे दार बाहेरच्यांना बंद आहे. त्याच संस्थेचे बाहेरच्यांसाठी उघडलेले फंड २०२० साली चांगलेच तोट्यात गेले. माझ्या मते यातच सारे आले : जे खरोखर चालते, ते घरोघर विकायला येत नाही.

यंत्राचा एक गुण मात्र निखालस मान्य करावा. ते घाबरत नाही. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्के कोसळला. ‘शेअर पडले की रोखे विकून ठरल्या प्रमाणात शेअर घ्यायचे’ असा नियम ज्यांनी केला होता, त्यांचेही हात त्या दिवशी थरथरले असतील. यंत्र निमूटपणे घेते. पण एवढ्यासाठी शिकावे कशाला लागते? तेवढा नियम भिंतीवरच्या कॅलेंडरवरही लिहिता येतो.

आमच्या महाविद्यालयातून निवृत्त झालेले इतिहासाचे एक सहकारी अशाच एका कंपनीचे पत्रक घेऊन माझ्याकडे आले. प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम हाती होती, आणि धाकट्या मुलीचे शिक्षण व्हायचे होते. म्हणाले, “सर, तुम्ही मराठीवाले. यातला शब्द न् शब्द वाचा आणि सांगा.” मी वाचले. पत्रकात होते, ‘आमच्या यंत्राने गेल्या दहा वर्षांत इतके दिले असते.’

“रावसाहेब,” मी म्हटले, “हा भूतकाळ नाही. हा संकेतार्थ आहे.”

‘दिले’ आणि ‘दिले असते’ यांत अख्खे प्रॉव्हिडंट फंड बुडण्याइतके अंतर आहे. झालेल्या दहा वर्षांवर यंत्राला शिकवायचे, आणि त्याच दहा वर्षांवर त्याची परीक्षा घ्यायची, म्हणजे पेपर फोडून पहिला नंबर काढणे! त्यात दलाली धरलेली नाही, करही नाही. २३ जुलै २०२४पासून आपल्याकडे वर्षाच्या आत विकलेल्या शेअरांच्या नफ्यावर २० टक्के कर आहे. वर्षानंतर विकले तर वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. दरमहा वाटणी बदलणारे यंत्र बहुतेक वेळा वीसवाल्या रांगेत उभे असते.

मार्कोविट्झ यांचे त्यांना सांगितले तेव्हा मात्र ते खुलले. या गृहस्थांनी स्वतःच्या पेन्शनचा पैसा आपल्या गणिताने वाटलाच नव्हता. पुढे हळहळ नको म्हणून निम्मा रोख्यांत, निम्मा शेअरांत ठेवला होता, असे त्यांनीच सांगून ठेवले आहे.

सहकाऱ्यांनी कंपनीला लिहून विचारले : खऱ्या माणसांच्या खऱ्या पैशावर, दलाली आणि कर वजा जाता, यंत्राने किती ‘दिले’? पहिल्या दोन पत्रांना उत्तरादाखल तेच पत्रक आले. तिसऱ्याला आकडे आले, ते चौदा महिन्यांचे. त्यांनी मोठी रक्कम पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवली आणि उरलेली एका साध्या निर्देशांक फंडात.