ओढतो म्हणजे थांबवतो असं नव्हे

फेब्रुवारीत माझा एक जुना विद्यार्थी गेला. चोविसाव्या वर्षी. कालव्याच्या पुलावरून खाली उतरताना उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्यांनी त्याचा ट्रॅक्टर पुढे ढकलत नेला, आडवा केला आणि उलटवला. पाचवी ते सातवी मी त्याला मराठी शिकवलं होतं. शुद्धलेखनाच्या नावानं बोंब होती, पण वर्गातला पंखा बंद पडला की शिपायाच्या आधी त्यालाच हाक जायची.

घरी गेले तेव्हा बायकांच्या खोलीत एकच वाक्य फिरत होतं. "उसका टाइम आयाता, टीचर." त्याच्या आईला त्या वाक्याचा आधार वाटत होता, म्हणून मी गप्प बसले. मय्यतीच्या घरात वाद घालायचा नसतो. आता पुढचा हंगाम तोंडावर आलाय. तोच ट्रॅक्टर दुरुस्त होऊन आलाय, त्याच ट्रॉल्या वेल्डिंगला उभ्या आहेत आणि त्याचा धाकटा भाऊ स्टिअरिंगवर बसणार आहे. तेव्हा जे त्या दिवशी बोलले नाही ते आज लिहिते.

माझे अब्बा तीस वर्षं ट्रॉल्या बनवत होते. सांगली जिल्ह्यात उसाच्या रस्त्यावर आमचं वर्कशॉप होतं. चेसी, पाटे, साटा, हूक हे शब्द मी अलिफ-बे-पेच्या बरोबरीनं शिकले. त्यामुळे एक गोष्ट मला लहानपणापासून माहीत आहे: ट्रॉली घ्यायला येणारा माणूस एकच प्रश्न विचारतो. "चाचा, माझा ट्रॅक्टर ही ओढेल ना?" ओढेल, हे उत्तर जवळजवळ नेहमी खरं असतं. खालच्या गिअरमध्ये पंचेचाळीस हॉर्सपॉवरचा पंधरा-वीस वर्षांचा ट्रॅक्टरही दोन भरलेल्या ट्रॉल्या हलवतो. डिझेल इंजिनाची ताकदच तशी असते, म्हातारं झालं तरी धूर सोडत ओढत राहतं. थांबवेल ना, हे मात्र कोणी विचारत नाही.

थोडा हिशेब करू, पाचवीच्या गणितापेक्षा अवघड नाही. ट्रॅक्टर 2 टनांचा. दोन रिकाम्या ट्रॉल्या मिळून साडेतीन टन धरा. प्रत्येकीत 10 टन ऊस, म्हणजे 20 टन. एकूण साडेपंचवीस टन. यातलं ब्रेक असलेलं वजन किती? फक्त ट्रॅक्टरचं, आणि तेही निम्म्याहून थोडं जास्त, कारण आपल्याकडच्या ट्रॅक्टरला ब्रेक मागच्याच दोन चाकांना असतात. त्या चाकांवर साधारण सव्वा टन वजन येतं. कोरड्या डांबरावर रबर फार तर त्याच्या दोन तृतीयांश इतका जोर धरतं, म्हणजे 800 किलोच्या आसपास. ब्रेक कालच बदललेले असोत, त्यापुढे चाक घसरतच जाणार. आता शंभर फुटांना पाच फूट असा उतार घ्या. आपल्या पुलांच्या उतारांना एवढं सहज असतं. साडेपंचवीस टनांचा गाडा त्या उतारावर सव्वा टनाच्या जोरानं खाली ढकलतो. चाकांच्या घर्षणात त्यातला काही भाग जातो, उरलेला सगळा ट्रॅक्टरच्या पाठीत. म्हणजे ब्रेक पूर्ण दाबून जेमतेम वेग वाढू द्यायचा नाही इतकंच साधतं, थांबणं दूरच. आणि रस्त्यावर चिखल असेल, पाचट पडलेलं असेल, तर तेही नाही. वेग दुप्पट झाला की थांबवायला लागणारी शक्ती चौपट होते. ताशी 15 च्या ऐवजी 30 नं उतरणारा पोरगा दुप्पट नव्हे, चौपट संकट मागे घेऊन येत असतो.

दोन चाकी ट्रॉलीचा काही भार हुकावर येतो, त्यामुळे मागची चाकं जास्त पकड घेतात हे खरं. पण तोच भार पुढची चाकं उचलतो. चढावर पुढची चाकं हवेत गेलेला ट्रॅक्टर आपण सगळ्यांनी पाहिलाय, त्याचे व्हिडिओ हसत हसत पाठवलेत. चाक जमिनीवर नसेल तर स्टिअरिंग कशाला वळवणार? ऊस मागच्या बाजूला जास्त भरला तर उलट, ट्रॉली हूक वर उचलू पाहते आणि सगळी भिस्त एका पिनेवर येते. ती पिन बऱ्याचदा बांधकामाच्या सळईचा तुकडा असतो, लॉकच्या जागी खिळा वाकवून घातलेला. साखळी तर मी अलीकडे क्वचितच पाहते.

त्या दिवशी काय झालं ते ट्रॅक्टर उचलायला गेलेल्या मेस्त्रीनं मला सांगितलं. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात, शेतात जागच्या जागी वळता यावं म्हणून. रस्त्यावर आलं की दोन्ही पायडल पट्टीनं जोडायचे असतात. पट्टी उघडी होती. उतारावर त्यानं गिअर बदलायला क्लच दाबला, इंजिनाची जी काही अडवणूक होती ती सुटली, ट्रॉल्यांनी ढकललं, घाबरून पाय एकाच पायडलवर पडला. एक चाक अडलं, दुसरं धावलं, ट्रॅक्टर फिरला. बाकीचं काम मागच्या वजनानं केलं. ज्या गिअरनं पूल चढायचा त्याच गिअरनं उतरायचा आणि मध्ये क्लचला हात, खरं तर पाय, लावायचा नाही, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. उलट डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडून द्यायचं, हे मात्र जुन्या ड्रायव्हरांनी पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं.

आपल्याकडे हे "टाइम आयाता"मध्ये बसवलं जातं. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही हदीस माझ्या वर्गातली मुलं तोंडपाठ म्हणतात. तकदीर मीही मानते. पण तकदीर मानणाऱ्यानं पायडलची पट्टी लावू नये असं कुठं सांगितलंय? रस्त्यातली इजा देणारी वस्तू बाजूला करणं हाही ईमानाचा भाग, हे आपण दगड-काट्यांपुरतं ठेवलं. रात्री दिव्याशिवाय, रिफ्लेक्टरशिवाय रस्त्याच्या कडेला पंक्चर होऊन उभी राहिलेली ट्रॉली ही कोणती वस्तू मग? मोटारसायकलवरून येणाऱ्याला ती दिसते तेव्हा दहा फूट उरलेले असतात.

इथं आपल्याच लोकांना बोलणं भाग आहे. आमच्या पट्ट्यात वेल्डिंग, पाटे, टायर, डिझेल पंप दुरुस्ती या कामांत आपली माणसं पुष्कळ आहेत. ट्रॉलीचा साटा दीड फूट लांब करून द्या, बाजूचे खांब उंच करून द्या, अशी गिऱ्हाइकं आमच्याकडे दर सप्टेंबरात येत. अब्बा करून देत. मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, मी नाही केलं तर पलीकडचा करेल, आणि पलीकडच्याची वेल्डिंग माझ्याहून कच्ची आहे. या उत्तरात काही अंशी सत्य होतं, म्हणून ते मला आजही टोचतं. पाच वेळच्या नमाजी माणसानं हलालच्या कमाईत काटकसरीनं घर चालवलं, तराजूत कधी खोट केली नाही, पण आरसी बुकात लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त वजन उचलणारा साटा बनवून दिला. त्याला ती खोट वाटली नाही. आम्हालाही वाटली नव्हती. जुम्म्याच्या बयानात व्याज येतं, माप येतं. हूक येत नाही.

तरी सगळा दोष मेस्त्री आणि ड्रायव्हरवर टाकून मोकळं होणं मला मान्य नाही. ट्रॅक्टरमालक हंगामाआधी कर्ज काढून टोळीच्या मुकादमाला उचल देतो. मुकादम टोळी घेऊन आलाच नाही तर ते पैसे बुडतात, आणि असं बुडालेलं घर प्रत्येक गावात एखादं तरी सापडतं. वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात. यार्डात नंबर लागायला कधी दहा तास, कधी आख्खी रात्र. त्या थांबण्याचे पैसे कोणी देत नाही. दिवसाला दोनऐवजी एकच खेप होणार असेल तर माणूस त्या एका खेपेत जमेल तेवढं कोंबणार. हा त्याचा स्वभाव बिघडलेला नाही, हिशेबच तसा बांधलाय.

आणि जास्त वजन भरलंय हे कोणाला ठाऊक नसतं असंही नाही. इतर रस्त्यांवर आरटीओला थांबवून काटा शोधावा लागतो. उसाची मात्र प्रत्येक खेप काट्यावर जाते, भरलेली आणि रिकामी, दोनदा. वाहन कोणतं, माल किती, वेळ काय, सगळं पावतीवर छापलं जातं, त्यावरच शेतकऱ्याचे आणि वाहतूकदाराचे पैसे निघतात. म्हणजे जादा भाराचा रोजचा पुरावा कारखान्याच्याच संगणकात तयार होतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा भाराला 20,000 रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. आणि ते कलम फक्त चालवणाऱ्याला धरत नाही, चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही धरतं. उरूस-जत्रेच्या वाटेवर एखाद्या पोराची ट्रॉली अडवून पावती फाडण्यापेक्षा हे कलम काट्यापाशी नेऊन वाचावं, असं माझं मत आहे.

मला हवं ते फार नाही. ट्रॉलीच्या नोंदणीत जेवढं वजन आहे त्यापुढच्या टनाची वाहतूक कारखान्यानं द्यायची नाही. शेतकऱ्याच्या उसाचे पैसे पूर्ण द्यावेत, फक्त वाहतूक त्या आकड्याला थांबवावी. एका हंगामात साटे आपोआप आखूड होतील. पण त्याबरोबर यार्डातल्या प्रतीक्षेचे पैसेही द्यायला हवेत, नाहीतर सगळा भार पुन्हा ड्रायव्हरच्या पोटावर. ऊसतोडीचं वेळापत्रक नीट लावलं तर रांग कमी होते, आणि रांगेत ऊस वाळून वजन घटतं ते वेगळंच वाचतं. आणि दोन ट्रॉल्या ओढायच्या असतील तर ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक हवेत. जुन्या ट्रॅक्टरला इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर नंतरही बसवता येतो, मागच्या चाकांना एअर ब्रेक देता येतात. त्याला खर्च आहे. रात्रभर वाजणाऱ्या त्या स्पीकरच्या भिंतीलाही असतो, आणि तो कोणालाच जड वाटत नाही.

शाळेच्या फाटकासमोरून ट्रॉल्या जाताना आमची मुलं मागून धावत ऊस ओढतात. दरवर्षी मी ओरडते, दरवर्षी ती हसतात. मागच्या महिन्यात सातवीच्या वर्गात फळ्यावर साडेपंचवीस टनांचा तो हिशेब करून दाखवला. मराठीच्या तासाला गणित कशाला, असं एका पोरीनं विचारलंच. पण शेवटच्या बाकावरच्या एका मुलानं वहीत पूर्ण उतरवून घेतला. त्याचा मामू ट्रॅक्टर चालवतो.

धाकट्या भावाला परवा भेटले. त्याच्या अम्मीसमोरच विचारलं, पायडलची पट्टी कुठाय? म्हणाला, ॲक्सिडेंटमध्ये वाकली, नवी घालायची राहिलीय. पिन? तीही बदलायचीय. ट्रॉल्या दोनच जोडणार का, यावर तो बोलला नाही. कर्जाचे हप्ते दोन ट्रॉल्यांच्या हिशेबानं ठरलेत, हे त्याच्या अम्मीनं सांगितलं. पट्टी मात्र त्यानं दुसऱ्या दिवशी बसवून घेतली, फोटो पाठवला. कॉम्प्रेसरची चौकशी मी माझ्या मामेभावाकडे केली आहे, अजून भाव आलेला नाही.