‘बा’ म्हणजे बाप, आई की ‘इकडे ये’?

सोलापूरहून विजयपूरच्या रस्त्याला लागलं की मंद्रूप येतं. पुढे टाकळीजवळ भीमा ओलांडली की धूळखेड, म्हणजे कर्नाटक. या पट्ट्यात एकाच कट्ट्यावर बसलेले दोघे ‘बा’ म्हणतात आणि दोघांचा अर्थ वेगळा असतो. मराठी बोलणाऱ्याचा ‘बा’ म्हणजे बाप. कन्नड बोलणाऱ्याचा ‘बा’ म्हणजे ‘ये’. इथल्या माणसांचा यात गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो बाहेरून आलेल्यांचा, आणि आता यंत्रांचाही.

एका अक्षराच्या या शब्दाचा पसारा मोठा आहे. ‘त्याचा बा रानात गेलाय’ यातला बा वडील. ‘नको बा’, ‘काय की बा’ यांत वडील कुठेच नाहीत, उरलाय तो फक्त सूर. खंडोबा, विठोबा, तुकोबा यांत तो आदर दाखवतो. विनायक नरहरी भावे गांधीजींच्या आश्रमात ‘विनोबा’ झाले, तोही हाच मराठी बा. आणि त्याच गांधीजींच्या आश्रमात सगळे ज्यांना ‘बा’ म्हणायचे त्या कस्तुरबा, कारण गुजरातीत बा म्हणजे आई. म्हणजे विनोबा आणि कस्तुरबा या दोन नावांचं शेपूट ऐकायला एकच, पण एकात वडीलधारा पुरुष आणि दुसऱ्यात आई. मराठी आणि गुजराती तर शेजारच्या, एकाच घराण्यातल्या भाषा.

कन्नडचं घराणं वेगळं, द्राविडी. तमिळमध्ये ‘ये’ला ‘वा’ म्हणतात, कन्नडमध्ये त्याचा ‘बा’ झाला आणि तेलुगूत ‘रा’. सोलापूरच्या पूर्व भागात हा ‘रा’ आजही ऐकू येतो. पण कन्नडमधला ‘बा’ बरोबरीच्याला किंवा लहानाला म्हणायचा. वडीलधाऱ्याला ‘बर्री’ म्हणावं लागतं. तेव्हा मराठीत ज्या आवाजाने बापाला हाक मारायची, तोच आवाज कन्नडमध्ये बापासमोर काढला तर उद्धटपणा ठरू शकतो.

फारसीतला ‘बा’ म्हणजे ‘सह’. ‘बाइज्जत’, ‘बाकायदा’ हे शब्द त्यातून आले. उलट अर्थासाठी ‘बे’, जसं बेकायदा. (सोलापूरच्या ‘काय बे’मधल्या ‘बे’चा याच्याशी संबंध लावू नये, त्यावर वेगळा लेख होईल.)

आणखी दूर गेलं की मजा वाढते. चिनी मँडरिनमध्ये सपाट सुरात ‘बा’ म्हटलं तर आठ, सूर वरून खाली आणला तर वडील. व्हिएतनामीत बा म्हणजे तीन, आणि दक्षिणेकडे वडीलही. जपानीत जागा, थाईत वेडा, आयरिशमध्ये गाई. प्राचीन इजिप्तमध्ये ‘बा’ हे आत्म्याचं एक अंग होतं. माणसाचं डोकं असलेल्या पक्ष्याच्या रूपात ते चितारलं जायचं.

हे सगळं कुणी कुणाकडून घेतलं?

बहुतेक कुणीच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरणारे ‘हा शब्द चिनी भाषेतही आहे, म्हणजे मूळ आपलंच’ छापाचे मेसेज इथेच तोंडावर पडतात. साधा हिशेब करा. वीसेक व्यंजनं आणि पाच स्वर घेतले तर एका व्यंजनाची, एका स्वराची अक्षरं होतात शंभर. जगात भाषा सुमारे 7,000. प्रत्येकीला रोजच्या वापरासाठी छोटे शब्द हवेत. डबे शंभर आणि वस्तू हजारो असतील, तर एका डब्यात अनेक वस्तू जाणारच. त्यात ‘बा’ हा सगळ्यात सोपा डबा, ओठ मिटायचे आणि उघडायचे.

बापाच्या अर्थाचा ‘बा’ मात्र निव्वळ योगायोग नाही. भाषाशास्त्रज्ञ रोमन याकोब्सन यांनी 1960च्या सुमारास यावर निबंध लिहिला. बाळ बडबडायला लागतं तेव्हा ओठांचे आवाज आणि ‘आ’ आधी येतात. बाळाला काही म्हणायचं असो-नसो, जवळची माणसं तो आवाज स्वतःकडे ओढून घेतात. कुठे ओढणारा बाप, कुठे आई. जॉर्जियन भाषेत तर ‘मामा’ म्हणजे वडील.

मग अडचण कुठे आहे?

अडचण आवाजावरून निष्कर्ष काढण्यात आहे. केंद्र सरकारने 2022 मध्ये ‘भाषिणी’ सुरू केली, भारतीय भाषांत बोलून सेवा मिळाव्यात म्हणून. 2023 मध्ये पीएम-किसानसाठी ‘किसान ई-मित्र’ आला, तोही त्याच आधारावर. उद्देश उत्तम. पण अशा यंत्रणेत साधारणपणे आधी भाषा ठरते आणि मग त्या भाषेच्या चष्म्यातून शब्द ओळखले जातात. भाषा ओळखायची तर आवाजांची लांब साखळी हाताशी लागते, दोन ध्वनींच्या शब्दात पुरावाच नसतो. लिहिलेलं असेल तर लिपी मदत करते. बोललेलं असेल किंवा रोमन लिपीत टाइप केलेलं असेल तर तीही जाते. आणि मंद्रूपचा शेतकरी तर एका वाक्यात दोन भाषा वापरतो, कारण त्याचं घर एका भाषेत चालतं आणि तहसील दुसऱ्या. ‘मराठीसाठी एक दाबा, कन्नडसाठी दोन’ हा प्रश्नच त्याच्यासाठी चुकीचा आहे. सीमाभागासाठी दोन्ही भाषा एकत्र ऐकणारी सोय हवी, आणि शंका आली तर अंदाज न बांधता उलट विचारणारी. तांत्रिकदृष्ट्या हे अशक्य नाही. त्यासाठी या भागातलं खरं बोलणं नमुन्यात घ्यावं लागेल, पुण्या-बेंगळुरूचं प्रमाण बोलणं पुरणार नाही.

शाळेत हाच प्रश्न यंत्राशिवाय आहे. दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोटमध्ये कन्नड माध्यमाच्या जिल्हा परिषद शाळा आहेत, बालभारती कन्नड पुस्तकंही छापते. पण घरी कन्नड बोलणारी अनेक मुलं मराठी शाळेत बसतात. बाईंनी ‘ये’ म्हटलं आणि पोराला ते ‘ए’ ऐकू आलं, तर ते नुसतं मान वर करून बघेल. उठून येणार नाही, कारण त्याच्या लेखी त्याला फक्त हाक मारलीय, बोलावलेलं नाही. त्याच्या नावापुढे ‘लक्ष नसतं’ असा शेरा पडायला एवढं पुरतं.

राजकारणही याच वाटेने जातं. नोव्हेंबर 2022 मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी सोलापूर, अक्कलकोटच्या कन्नडभाषक भागावर दावा सांगितला आणि आपल्याकडूनही तेवढ्याच जोरात उत्तरं गेली. दोन्हीकडच्या वक्त्यांना गाव एका भाषेचं हवं होतं.

दोन्ही भाषा घरात असलेल्या पोराला हे आधीच येतं. आजी ‘बा’ म्हणाली तर जवळ जायचं आणि शेजारच्या काकांनी ‘तुझा बा कुठंय’ विचारलं तर रानाकडे बोट दाखवायचं. पहिलीच्या शिक्षकांना अशा वीस-पंचवीस शब्दांची यादी छापून द्यायला एक पानही पुरेल.