घोषणा झाली, आवृत्त्यांची नोंद कोण ठेवणार?

विजयदुर्ग, खास प्रतिनिधी

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दृष्टीने २०२५ हे वर्ष दोन कारणांनी लक्षात राहील. ११ जुलै रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याची साक्ष देणाऱ्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यात विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे या जिल्ह्यातील दोन सागरी किल्ले आहेत. त्याच वर्षी जिल्हा प्रशासनाच्या कारभारात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर सुरू झाला आणि देशातील पहिला 'एआय जिल्हा' अशी सिंधुदुर्गची ओळख करून देण्यात आली. किल्ला म्हटला की त्याच्या डागडुजीचा प्रश्न आपोआप पुढे येतो. तट ढासळला तर तो उघड्या डोळ्यांना दिसतो. संगणकीय यंत्रणेची पडझड मात्र दिसत नाही. एके दिवशी ती चालेनाशी होते, तेव्हाच तिची आठवण होते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बहुसंख्य आज्ञावल्या आज जगभर पायथन या संगणकभाषेत लिहिल्या जातात आणि त्या चालवणारे सर्व्हर बहुतांशी लिनक्सवर चालतात. त्यामुळे लिनक्समध्ये पायथनच्या आवृत्त्या आणि पॅकेजेस कशी सांभाळायची, हा प्रश्न आता केवळ तंत्रज्ञांचा उरलेला नाही. सार्वजनिक पैशातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक यंत्रणेच्या आयुर्मानाचा तो प्रश्न आहे.

एक कोठार, दोन भांडारपाल

लिनक्स हे एकच एक उत्पादन नव्हे. गाभ्याभोवती हजारो आज्ञावल्या जमवून, त्या एकमेकींशी जुळतात याची खात्री करून जो संच दिला जातो, त्याला वितरण म्हणतात. डेबियन, उबुंटू, फेडोरा ही त्यातली प्रसिद्ध नावे. भारतात सी-डॅकने डेबियनच्या आधारे 'बॉस' हे वितरण तयार केले. अशा वितरणांमध्ये पायथन बहुधा आधीपासूनच बसवलेले असते आणि ते प्रामुख्याने प्रणालीच्या स्वतःच्या कामासाठी असते. उबुंटूमध्ये चुकीची आज्ञा दिल्यावर योग्य पॅकेज सुचवणारे साधन पायथनमध्येच लिहिलेले आहे. प्रणालीतील इतरही अनेक साधने त्यावर अवलंबून असतात. हौशी वापरकर्त्याने नव्या आवृत्तीच्या ओढीने हे मूळ पायथन बदलले, तर पुढच्या वेळी टर्मिनलची खिडकीच उघडत नाही, असा अनुभव अनेकांनी घेतला आहे.

अडचणीचे मूळ दोन वेगवेगळ्या वेगांत आहे. पायथनची नवी आवृत्ती आता दरवर्षी ऑक्टोबरमध्ये येते. ३.१४ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये आली. प्रत्येक आवृत्तीला सुमारे पाच वर्षे सुरक्षाविषयक दुरुस्त्या मिळतात. ३.९ ची मुदत ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली. वितरणे मात्र स्थैर्यासाठी एकच आवृत्ती धरून बसतात. डेबियन १२ मध्ये ३.११ आहे, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३.१३ आहे, तर उबुंटू २४.०४ मध्ये ३.१२ आहे. या धिमेपणाला नावे ठेवली जातात; पण त्यामागे विचार आहे. जुन्या आवृत्तीतील सुरक्षेची छिद्रे वितरणाचे स्वयंसेवक आणि अभियंते स्वतः बुजवत असतात. पायथन ३.८ ला मूळ संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये निरोप दिला, तरी ते ज्यात होते त्या उबुंटू २०.०४ चा नियमित आधार मे २०२५ पर्यंत सुरू होता.

पॅकेजेसच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. डेबियन आणि उबुंटूत पॅकेज बसवण्याचे अधिकृत साधन 'ॲप्ट' आहे, तर पायथनचे स्वतःचे साधन 'पिप' आहे. एकाच कोठाराला दोन भांडारपाल नेमावेत आणि दोघांनी एकमेकांना न विचारता माल आत-बाहेर करावा, तशी ही स्थिती होती. प्रशासकाचे अधिकार वापरून पिपने एखादे पॅकेज बसवले की ॲप्टने ठेवलेल्या त्याच नावाच्या पॅकेजवर सावली पडे आणि प्रणालीतील एखादे अगदी वेगळेच साधन बंद पडे. दोष शोधता शोधता दिवस जात आणि अखेर संपूर्ण संगणक नव्याने बसवण्याची वेळ येई.

डेबियनने लावलेले कुलूप

पायथन समुदायाने यावर २०२२ मध्ये एक नियम मान्य केला. वितरण सांभाळणाऱ्यांनी एक खूणफाईल ठेवावी आणि ती दिसताच पिपने प्रणालीच्या पायथनमध्ये ढवळाढवळ करण्यास नकार द्यावा, असे त्याचे स्वरूप आहे. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ ने तो अमलात आणला. उबुंटूनेही त्याच वर्षी तो स्वीकारला. तेव्हापासून जुन्या पाठ्यपुस्तकातील आज्ञा जशीच्या तशी टंकणाऱ्या विद्यार्थ्याला 'हे वातावरण बाहेरून सांभाळले जाते' अशा अर्थाचा संदेश दिसतो आणि काम तिथेच थांबते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात पायथन शिकवले जाते. त्यामुळे ही अडचण शाळेपासूनच भेटते.

त्यातून सुटण्याची पळवाट त्या संदेशातच दिलेली आहे आणि तिचे नाव 'ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस', म्हणजे 'प्रणालीची पॅकेजेस मोडा', असे मुद्दाम भीतिदायक ठेवले आहे. तरीही घाईत असलेले अनेकजण तीच वापरतात. वास्तविक योग्य मार्ग अवघड नाही. प्रत्येक प्रकल्पासाठी 'वेन्व्ह' या साधनाने स्वतंत्र आभासी वातावरण तयार करायचे आणि त्या आतच पिप वापरायचे. हे साधन २०१२ पासून पायथनसोबत मिळते. डेबियन आणि उबुंटूत 'पायथन३-वेन्व्ह' हे छोटे पॅकेज तेवढे वेगळे बसवावे लागते. वेगळी आवृत्तीच हवी असेल तर 'पायएन्व्ह', 'कोंडा' किंवा २०२४ मध्ये आलेले वेगवान 'यूव्ही' ही साधने प्रणालीच्या पायथनला हात न लावता ती आणून देतात.

विजयदुर्गाची तटबंदी तिहेरी आहे. येथेही साधारण तशीच रचना अपेक्षित आहे. सर्वात आत प्रणालीचे पायथन, त्याबाहेर प्रकल्पाचे स्वतंत्र वातावरण आणि सर्व्हरवर गरज पडल्यास संपूर्ण यंत्रणेला वेढणारा कंटेनर. एका तटाबाहेर झालेली पडझड दुसऱ्याच्या आत जाऊ नये, हाच हेतू.

खोडदचा धडा

आवृत्ती बदलाची खरी किंमत काय असते, हे महाराष्ट्रातील एका मोठ्या वैज्ञानिक प्रकल्पाने अनुभवले आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲंटेना असलेली जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवते. या दुर्बिणीने २०१० ते २०१२ या काळात गोळा केलेल्या निरीक्षणांवर 'स्पॅम' या पायथनआधारित प्रणालीने पुन्हा प्रक्रिया करण्यात आली आणि सहा लाखांहून अधिक रेडिओस्रोतांची सूची २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. ही प्रणाली पायथन २ वर उभी होती आणि पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला.

रेडिओ खगोलशास्त्रात जगभर वापरली जाणारी 'कासा' ही प्रणालीही पाचव्या मालिकेपर्यंत पायथन २ वर होती. सहाव्या मालिकेत ती पायथन ३ वर आली. जीएमआरटीच्या माहितीवर प्रक्रिया करण्यासाठी येथील शास्त्रज्ञांनी 'कॅप्चर' ही आज्ञावली लिहिली होती. कासाच्या नव्या मालिकेसाठी तिचीही वेगळी आवृत्ती करावी लागली. कासाने काढलेली एक तोड लक्षात घेण्यासारखी आहे. तिचा पूर्ण संच स्वतःचे पायथन सोबत घेऊनच येतो. संगणकावरील लिनक्समध्ये कोणते पायथन आहे याच्याशी त्याला देणेघेणे नसते. खोडदला हे बदल पेलता आले, कारण तेथे आज्ञावली समजणारी माणसे कायमस्वरूपी आहेत. कंत्राटावर यंत्रणा उभारून घेणाऱ्या कार्यालयाची गोष्ट वेगळी असते. कंत्राटदार निघून गेल्यावर कोणते पॅकेज का बसवले होते, हे सांगणारा कोणी उरत नाही.

झाडलोट कोणाची?

आभासी वातावरण तयार केले की जबाबदारी संपली, हा गैरसमज सर्वाधिक महागात पडतो. प्रणाली अद्ययावत करण्याची आज्ञा ॲप्टच्या ताब्यातील पॅकेजेसपुरती असते. वेन्व्हच्या आत पिपने जे बसवले, त्याला ती स्पर्शही करत नाही. म्हणजे कुंपणामुळे प्रणाली सुरक्षित राहिली, पण कुंपणाच्या आतली झाडलोट प्रकल्पाच्या मालकाकडे आली. शिवाय हे वातावरण ज्या पायथनवर उभे असते, ते बदलले की निकामी होते. सर्व्हर डेबियन १२ वरून १३ वर नेला की ३.११ च्या जागी ३.१३ येते आणि जुनी वातावरणे नव्याने उभारावी लागतात.

तेव्हा मदतीला येते ती फक्त यादी. कोणते पॅकेज, कोणत्या अचूक आवृत्तीचे, हे लिहून ठेवले असेल तर नवे वातावरण काही मिनिटांत उभे राहते. यादी नसेल किंवा तिच्यात नुसती नावे असतील, तर पिप त्या दिवशी उपलब्ध असलेल्या ताज्या आवृत्त्या आणतो. याचे परिणाम जून २०२४ मध्ये दिसले. गणिती कामाचा पाया असलेल्या 'नमपाय' या पॅकेजची २.० ही आवृत्ती तेव्हा आली आणि जुन्या नमपायला जोडून संकलित केलेली अनेक पॅकेजेस तिच्यासोबत चालेनात. ज्यांच्या यादीत आवृत्तीचा आकडा होता, त्यांचे काम सुरू राहिले. वातावरणापेक्षा यादी मोलाची ठरते, ती यामुळे.

प्रश्न सुरक्षेचाही आहे. पायथनच्या सार्वजनिक भांडारात कोणीही पॅकेज ठेवू शकतो. डिसेंबर २०२२ च्या अखेरच्या आठवड्यात 'पायटॉर्च' या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रसिद्ध संचाची रोजची चाचणी-आवृत्ती लिनक्सवर पिपने बसवणाऱ्यांच्या संगणकात, एका अवलंबित पॅकेजच्या नावाशी तंतोतंत जुळणारे बनावट पॅकेज शिरले आणि त्याने संगणकातील गोपनीय किल्ल्यांसह माहिती बाहेर पाठवली. मार्च २०२४ मध्ये घातक पॅकेजेसचा लोंढा आल्याने या भांडाराला नव्या वापरकर्त्यांची नोंदणी काही काळ थांबवावी लागली होती.

भारतातील संगणक सुरक्षा यंत्रणा 'सर्ट-इन'ने ऑक्टोबर २०२४ मध्ये आज्ञावलीतील घटकांची सूची ठेवण्याबाबत मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. जुलै २०२५ मधील दुसऱ्या आवृत्तीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रणांसाठीच्या सूचीचाही समावेश झाला. सरकारी व सार्वजनिक संस्था हा त्यांचा प्रमुख वाचकवर्ग आहे. धोरण कागदावर आले आहे. प्रश्न ते निविदेत उतरण्याचा आहे.

साहेबाचे ओटे

नोंद नसली की काय होते, याचे उदाहरण विजयदुर्ग किल्ल्यातच आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा या भागावरून गेला होता. किल्ल्यातील 'साहेबाचे ओटे' दाखवून, येथूनच नॉर्मन लॉकयर यांनी हेलियमचा शोध लावला, असे सांगितले जाते आणि दरवर्षी त्या तारखेला येथे हेलियम दिनही साजरा होतो. उपलब्ध वैज्ञानिक नोंदी मात्र वेगळे सांगतात. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी ते ग्रहण गुंटूर येथून पाहिले आणि लॉकयर यांनी सूर्यतेजातील ती पिवळी रेषा २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडमधून, ग्रहणाविना टिपली. कोणी, कोठून, कोणत्या उपकरणाने पाहिले हे लिहून ठेवले गेले, म्हणूनच दीडशे वर्षांनंतर ते पडताळून पाहता येते. ओट्यांपाशी मात्र आख्यायिकाच उरली आहे.

संगणकाने दिलेल्या निष्कर्षालाही हाच न्याय लागू होतो. एखाद्या अर्जदाराचा अर्ज यंत्रणेने बाजूला काढला आणि वर्षभराने त्याने जाब विचारला, तर त्या दिवशी कोणती आज्ञावली, कोणत्या आवृत्तीची चालत होती हे प्रशासनाला सांगता आले पाहिजे. ते सांगता येत नसेल, तर निर्णय योग्य होता की अयोग्य हे तपासायचे साधनच नागरिकाच्या हाती राहत नाही.

उपाय खर्चिक नाहीत. पॅकेजेसची अचूक यादी प्रशासनाच्या ताब्यात असावी. पाच वर्षे अद्ययावतीकरण कोण करणार, हे करारात नावानिशी लिहावे. तपासलेल्या पॅकेजेसचा साठा जिल्ह्याच्या मुख्यालयात स्थानिक संगणकावर ठेवावा. मे २०२१ च्या तौक्ते वादळात या किनारपट्टीवरील वीजपुरवठा विस्कळीत झाला होता. पुनर्उभारणी केवळ महाजालावर अवलंबून ठेवणे येथे परवडणारे नाही. वर्षातून एकदा कोऱ्या संगणकावर संपूर्ण यंत्रणा यादीवरून उभी करून पाहण्याची रंगीत तालीमही व्हावी. मनुष्यबळाचा प्रश्नही सुटण्यासारखा आहे. मुंबईच्या आयआयटीतील 'फॉसी' प्रकल्प मुक्त आज्ञावली आणि पायथनच्या प्रसारासाठी वर्षानुवर्षे काम करत आहे आणि तेथील 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे अनेक धडे मराठीत विनामूल्य उपलब्ध आहेत. देवगड-कणकवलीतील पदवीधरांना या कामासाठी तयार करता येईल.

एआय जिल्हा म्हणून मिळालेली ओळख टिकवायची असेल, तर पुढच्या घोषणेआधी एक साधा प्रश्न विचारला गेला पाहिजे. आज सुरू असलेली यंत्रणा उद्या बंद पडली, तर ती जशीच्या तशी पुन्हा उभी करणारी यादी कोणत्या टेबलावर आहे?