नौकेचा पाण्याखालचा भाग

काशीच्या गंगेतील यांत्रिक नौकांविषयी शासकीय पातळीवर जी चर्चा होते ती प्रामुख्याने इंधनाची असते. वाराणसी स्मार्ट सिटी आणि गेल यांच्या साहाय्याने २०२१ पासून डिझेलच्या जागी सीएनजी इंजिने बसविण्याचे काम हाती घेण्यात आले. नमो घाटावर सीएनजीचे तरंगते केंद्रही उभे राहिले. हे पाऊल स्वागतार्हच आहे. परंतु इंजिन निर्माण करते ती शक्ती. त्या शक्तीची गती होते ती पाण्याखाली, दांडा, गिअर आणि पंखा यांच्याकडून. या भागाकडे धोरणकर्त्यांचे लक्ष क्वचितच जाते. नावाड्याचे मात्र जाते, आणि तो त्यात आपल्या परीने सुधारणाही करीत असतो. या घरगुती सुधारणांकडे प्रशासनाने कोणत्या दृष्टीने पाहावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम यंत्र समजून घेऊ. काशीच्या लाकडी नावांत वर्षानुवर्षे शेतीपंपाच्या जातीचे डिझेल इंजिन आत बसवून लांब दांड्याने पंखा फिरविला जात आला. बचाव पथकांच्या हवेच्या बोटींना मात्र मागे अडकविलेली आउटबोर्ड मोटार असते. तिच्या खालच्या भागात तेलाने भरलेली गिअरपेटी असते. इंजिन थंड ठेवण्यासाठी नदीचे पाणी वर खेचणारा रबरी पात्यांचा पंप, पंख्याकडे हवा खेचली जाऊ नये म्हणून वर आडवी पट्टी आणि तळाशी संरक्षक पाते, अशी तिची रचना असते.

घरच्या घरी होणारे बदल सर्वत्र सारखेच आहेत. वेग वाढावा म्हणून मोटार वर उचलून बसविली जाते, संरक्षक पाते घासून लहान केले जाते, गिअरपेटीला टोकदार नाक जोडले जाते, पंखा बदलला जातो. यांपैकी पहिल्या तीन बदलांचा लाभ अतिवेगवान हलक्या बोटींनाच होतो. मोटार फार वर गेली की पंप पाण्याऐवजी हवा ओढतो आणि इंजिन तापून जाते. पाते कापले की सुकाणूची पकड ढिली होते आणि वाळूच्या उथळ पट्ट्यावर पंखा उघडा पडतो. गिअरपेटी उघडून सील नीट बसले नाही तर आत पाणी शिरते, तेल दुधासारखे पांढरट होते आणि पुढच्या हंगामात गिअर निकामी होतात.

लाकडी नावेला तर वेगाची मर्यादा निसर्गानेच घालून दिली आहे. पाणी कापत जाणाऱ्या नावेचा व्यवहार्य कमाल वेग तिच्या पाण्यातील लांबीवर अवलंबून असतो. ९ मीटर लांबीला तो ताशी साधारण १३ किलोमीटर येतो. त्या मर्यादेच्या बऱ्याच खालीदेखील लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग २० टक्क्यांनी वाढविला तर तासाचे इंधन सुमारे ७३ टक्क्यांनी आणि त्याच अंतराचे इंधन ४४ टक्क्यांनी वाढते.

येथे अर्थशास्त्राचा जुनाच प्रश्न उभा राहतो. एका नावाड्याने वेग वाढविला तर त्याला दिवसाकाठी एखादी फेरी अधिक मिळेल. सर्वांनीच वाढविला तर प्रवासी तेवढेच राहतात आणि खर्च मात्र सर्वांचा वाढतो. केरळच्या किनाऱ्यावर १९८० नंतर पारंपरिक होड्यांना आउटबोर्ड मोटारी लागल्या आणि अधिकाधिक अश्वशक्तीची चढाओढ सुरू झाली, तेव्हा मच्छीमारांनी हाच अनुभव घेतला. शिवाय लाटांचा मार बसतो तो घाटावर स्नान करणाऱ्याला, वल्ह्यांच्या लहान नावेला आणि ध्वनीच्या आधारे वाट काढणाऱ्या गांगेय डॉल्फिनला. २००९ मध्ये ज्याला राष्ट्रीय जलचर म्हणून गौरविले त्या प्राण्याचा या हिशेबात कोणी विचार करीत नाही.

पंखा बदलणे ही मात्र खरीखुरी सुधारणा ठरू शकते. पूर्ण भार आणि पूर्ण थ्रॉटल असताना इंजिन आपल्या नियत फेऱ्यांपर्यंत पोहोचले पाहिजे, ही त्याची कसोटी. आउटबोर्डमध्ये पंख्याचा पिच एक इंचाने वाढविला की मिनिटाचे फेरे साधारण १५० ते २०० ने घटतात. जड, संथ नावेला मोठ्या व्यासाचा, सावकाश फिरणारा पंखाच मानवतो. याचाच अर्थ असा की इंजिन बदलले पण पंखा जुनाच ठेवला, तर नव्या इंजिनावरील खर्चाचा काही भाग पाण्यात जातो.

अंतर्देशीय नौकांसाठीचा १९१७ चा कायदा जाऊन २०२१ चा नवा कायदा आला. तपासणी आणि नोंदणी त्यात आहेच. पण घाटावरच्या मिस्त्रीला मनाई करून तो थांबणार नाही. तो रात्री काम करील, एवढाच फरक पडेल. त्याऐवजी पावसाळ्यानंतर नावा पुन्हा सुरू होण्यापूर्वी एका घाटावर चाचणी ठेवावी. वजन केलेल्या वाळूच्या पोत्यांचा भार, फेरे मोजण्याचे यंत्र, मोजपट्टीचा इंधनडबा आणि प्रवाहाच्या दोन्ही दिशांनी एक किलोमीटर, एवढ्यावर निर्णय होईल. पंख्याचा व्यास आणि पिच परवान्यावर नोंदवावा, पंख्याभोवती जाळी लावल्यास होणारी घटही तेथेच मोजावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेने मिस्त्रींना सील बसविण्याचे आणि दाबचाचणीचे शिक्षण द्यावे.

मनुष्यबळ नाही, असा आक्षेप येईल. परंतु या चाचणीला नवे खाते लागत नाही. नावाडीही स्वतःचे इंधन वाचत असल्याने आनंदाने येईल. भोसले घाट वा पंचगंगा घाटावरून नावेत बसणाऱ्या आपल्या मराठी यात्रेकरूंचे प्राण त्याच पंख्यावर आणि त्याच सीलवर अवलंबून असतात. ज्ञान मिस्त्रीकडे आहे, अधिकार शासनाकडे आहे. या दोघांची गाठ घालून देणे एवढेच प्रशासनाचे येथे काम आहे.