विश्लेषण : परदेशात लॅपटॉपचा भारतीय चार्जर चालतो का?

युरोपीय महासंघात २८ एप्रिल २०२६ पासून नव्याने बाजारात येणाऱ्या लॅपटॉपना ‘यूएसबी टाइप-सी’ चार्जिंगची सोय बंधनकारक करण्यात आली आहे. शिक्षण वा नोकरीसाठी युरोपात जाणाऱ्यांना या नियमाचा फायदा होईल. मात्र भिंतीवरच्या सॉकेटचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. भारतातून नेलेला लॅपटॉप परदेशात चार्ज करताना नेमके काय बदलते?

देशागणिक प्लग वेगळे का?

आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाच्या यादीत प्लगचे १५ प्रकार असून त्यांना ‘ए’ ते ‘ओ’ अशी अक्षरे दिली आहेत. भारतात प्रामुख्याने तीन गोल पिनांचा ‘डी’ प्रकार वापरला जातो. तो जुन्या ब्रिटिश मानकावरून आला. खुद्द ब्रिटनने मात्र १९४७ मध्ये चपट्या पिनांचे आणि प्लगमध्येच फ्यूज असलेले नवे मानक आणले. तोच आजचा ‘जी’ प्रकार. अमेरिकेत ‘ए’ आणि ‘बी’, जर्मनीत ‘एफ’, तर ऑस्ट्रेलियात ‘आय’ प्रकार चालतो. कोट्यवधी घरांतील सॉकेट बदलणे कोणत्याच देशाला परवडणारे नसल्याने हा फरक कायम आहे.

व्होल्टेज वेगळे असल्यास लॅपटॉप जळतो का?

सहसा नाही. भारत, ब्रिटन आणि बहुतांश युरोपात २३० व्होल्ट वीज मिळते. अमेरिकेत १२०, तर जपानमध्ये १०० व्होल्ट. लॅपटॉपच्या चार्जरवर बारीक अक्षरांत ‘इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०-६० हर्ट्झ’ असे छापलेले असेल, तर तो या सर्व देशांत चालतो. आलेल्या विजेनुसार तो स्वतःच जुळवून घेतो.

घरगुती उपकरणांचे तसे नसते. भारतातून अमेरिकेत नेलेला २३० व्होल्टचा मिक्सर तेथे जेमतेम गुरगुरतो, चटणी वाटली जात नाही. उलट, केवळ १२० व्होल्टवर चालणारे उपकरण भारतात लावले तर ते जळण्याचीच शक्यता अधिक.

अ‍ॅडाप्टर आणि कन्व्हर्टर एकच का?

नाही. अ‍ॅडाप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. व्होल्टेज बदलण्याचे काम कन्व्हर्टर किंवा ट्रान्सफॉर्मरचे. १००-२४० व्होल्टच्या लॅपटॉपला कन्व्हर्टरची गरज नसते. केस वाळवण्याच्या यंत्रासाठी मिळणारा स्वस्त कन्व्हर्टर लॅपटॉपला लावल्यास चार्जर बिघडू शकतो.

त्याहून सोपा मार्ग म्हणजे केबल बदलणे. अनेक चार्जरमध्ये भिंतीपासून चार्जरच्या ठोकळ्यापर्यंतची केबल वेगळी काढता येते. त्या देशात पोहोचल्यावर तेथील प्लगची तशीच केबल घेतली, की मूळ चार्जर कायमचा वापरता येतो.

तिसऱ्या पिनेचे महत्त्व काय?

धातूच्या लॅपटॉपवर हात ठेवला असता कधी कधी झिणझिण्या जाणवतात. चार्जरमधील अत्यल्प गळती प्रवाह अर्थिंगअभावी लॅपटॉपच्या आवरणापर्यंत पोहोचल्याने असे होते. तो बहुधा धोकादायक नसतो, पण अर्थिंग तुटल्याची ती खूण असते. जर्मन सॉकेटमध्ये अर्थिंग बाजूच्या धातूच्या पट्ट्यांतून मिळते. तीन पिनांचा भारतीय प्लग दोन पिनांच्या स्वस्त अ‍ॅडाप्टरमध्ये खोचला, की अर्थिंग तिथेच संपते. काही महिन्यांसाठी वा कायमचे राहायला जाणाऱ्यांनी म्हणूनच अ‍ॅडाप्टरवर विसंबून राहू नये.

युरोपच्या नियमाने काय बदलेल?

फोन, टॅबलेट आदी उपकरणांना हा नियम २८ डिसेंबर २०२४ पासून लागू झाला. लॅपटॉपसाठी वाढीव मुदत देण्यात आली. १०० वॅटपर्यंतच्या चार्जिंगचे लॅपटॉप त्यात येतात. चार्जरविना लॅपटॉप विकत घेण्याचा पर्यायही ग्राहकाला मिळतो. त्यामुळे फोन आणि लॅपटॉपला एकच चार्जर पुरू शकतो आणि तो त्याच देशात घेता येतो.

मात्र टाइप-सीचे टोक बसले म्हणजे काम झाले, असे नाही. ६५ वॅट लागणाऱ्या लॅपटॉपला २० वॅटचा फोन चार्जर लावल्यास चार्जिंग रखडते किंवा होतच नाही. साधी टाइप-सी केबल ६० वॅटपर्यंतच वीज वाहते. त्यापुढे १०० किंवा २४० वॅटची, चिप असलेली केबल लागते.

विमानात कोणती काळजी घ्यावी?

पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात ठेवता येत नाहीत, त्या हातातील बॅगेतच न्याव्या लागतात. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीला साधारणपणे वेगळी परवानगी लागत नाही. १०० ते १६० वॉट-तासांसाठी विमान कंपनीची संमती आवश्यक असते. २० हजार एमएएचची पॉवर बँक सुमारे ७४ वॉट-तासांची असते. दक्षिण कोरियात बुसानजवळच्या विमानतळावर जानेवारी २०२५ मध्ये प्रवासी विमानाला आग लागली, त्यानंतर अनेक विमान कंपन्यांनी पॉवर बँकेचे नियम कडक केले. त्यामुळे तिकिटासोबतचे नियम वाचणे गरजेचे आहे.

निघण्यापूर्वी काय तपासावे?

चार्जरवरील इनपुटचे आकडे, जाणार त्या देशाचा प्लग प्रकार आणि लॅपटॉपला लागणारे वॅट, या तीन गोष्टी निघण्यापूर्वीच पाहाव्यात. पहिल्या काही दिवसांसाठी अर्थिंगची सोय असलेला एक चांगला अ‍ॅडाप्टर पुरेसा आहे. पुढे तेथील केबल घ्यावी. नव्या देशात उतरल्याच्या पहिल्याच रात्री बंद पडलेला लॅपटॉप म्हणजे प्रवेशाची कागदपत्रे, घराचा करार आणि घरच्यांशी बोलणे सारेच अडणे. ही वेळ टाळायला घरीच दहा मिनिटे पुरतात.